चिखलदऱ्याच्या रात्रीचे आवाज

शारजाहमध्ये आम्ही नऊ वर्षे काढली, पण तिथली रात्र कशी असते हे कोणी विचारले तर आम्हाला सांगता येणार नाही. खिडक्या बारा महिने बंद. एसीची घरघर, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आणि फजरला एकापाठोपाठ एक सुरू होणाऱ्या अजाना. एवढेच काय ते कानांना माहीत. आमची दोन्ही मुले त्या घरघरीतच वाढली. लाईट गेली आणि एसी बंद पडला की झोपेतून दचकून उठायची.

जून 2024 मध्ये आम्ही परत आलो आणि कामानिमित्त चिखलदऱ्याला वर्षभरासाठी घर घेतले. परतवाड्याहून घाट चढून 30 किलोमीटरच्या आसपास. अब्बा गेल्यापासून अम्मी परतवाड्याला एकट्याच राहत होत्या, त्यांनाही सोबत आणले. नातेवाईकांनी वेड्यातच काढले. चिखलदऱ्याला लोक दोन दिवसांसाठी जातात, धुक्यात फोटो काढतात, खवा-रबडी घेतात आणि उतरतात. तिथे संसार मांडायला कोण जातो?

घर गावाच्या कडेला होते. टिनाचे छप्पर, पुढे ओसरी, मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे उतार सुरू. एका बाजूला गवळीकाकांचे घर आणि म्हशींचा गोठा. उताराखाली कोरकूंचा पाडा. समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर असलेले हे गाव, विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण. 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने ते 'शोधून काढले' असे सांगतात. गवळी आणि कोरकू तेव्हा तिथे राहतच होते, पण शोध नेहमी बाहेरून येणाऱ्याच्याच नावावर लागतो. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा, ही दुसरी गोष्ट. मुलांना अर्थातच तीच आवडली.

पहिले तीन महिने रात्रीचा आवाज एकच होता, पाऊस. टिनावर पडणारा सातपुड्याचा पाऊस ज्याने ऐकला नाही त्याला काय सांगावे? कोणी पोत्याने हरभरे ओतावेत आणि ओतणे रात्रभर थांबूच नये, तसे वाटायचे. एका खोलीत बसून बोलायचे तरी ओरडून बोलावे लागे. आम्ही ओरडत होतो, मुले ओरडत होती, अम्मीही ओरडत होत्या. जेवायला बसलो की भांडण चालले आहे असे बाहेरून जाणाऱ्याला वाटावे. गवळीकाकांनी एकदा खरेच ओसरीवर येऊन विचारले, "काहून भांडता जी?"

ढग गडगडले की अम्मी दुआ म्हणायच्या. मेघगर्जनेच्या नावाची एक पूर्ण सूरहच कुरआन शरीफमध्ये आहे, सूरह रअद, तेरावी. गर्जनाही आपल्या परीने अल्लाहची तस्बीहच करत असते, घाबरायचे नाही, असे त्या मुलांना समजावून सांगायच्या. गडगडाट त्यांना आमच्याइतकाच स्पष्ट ऐकू येत होता. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण पुढे आम्हाला त्याची फार आठवण झाली.

ऑगस्टमध्ये एक दिवस उघडीप मिळाली म्हणून पंचबोल पॉइंटला गेलो. दरीकडे तोंड करून हाक मारली की पाच वेळा परत येते, अशी त्या जागेची ख्याती. मुलाने घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. आम्ही मोजले तर तीन, चौथी असेल-नसेल. धाकटीने विचारले, "दादी, तुम्हाला किती ऐकू आल्या?" अम्मी हसून म्हणाल्या, "पाच." मुले खूश झाली. आम्हीही हसलो. अम्मींनी तेव्हा एकही प्रतिध्वनी ऐकला नव्हता. सगळे पाच म्हणतात म्हणून त्याही पाच म्हणाल्या. हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला आणि चिखलदऱ्याची खरी रात्र उघडी पडली.

पहिल्या रात्री आम्हाला झोपच लागली नाही. रातकिड्यांची किरकिर इतकी की तिला दिशाच नव्हती. जमीन किरकिरते आहे की झाडे, कळेना. मध्येच फळीवर हातोडी ठोकावी तसा ठक्-ठक्-ठक् आवाज. हा रातवा नावाचा पक्षी. दिवसा पाचोळ्यात पाचोळ्यासारखाच पडून राहतो आणि रात्री रस्त्यावर येऊन बसतो. गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे विस्तवासारखे चमकतात. मग पिंगळ्यांचे भांडण. आणि साधारण एक वाजता कुंपणापलीकडे कोणीतरी भुंकले. कुत्र्यासारखेच, पण एकेक सुटे, घोगरे भुंकणे. दोन भुंकण्यांच्या मध्ये एवढी शांतता की त्या शांततेचीच भीती वाटावी. मुले आमच्या अंथरुणात शिरली.

सकाळी गवळीकाका दूध घालायला आले तेव्हा विचारले. म्हणाले, "कुत्रं नव्हे ते, भेडकी व्हय. भेकर म्हणता ना तुम्ही. काही दिसलं की भुकते."

"काय दिसलं की?"

काकांनी दुधाचे माप कॅनवर आपटले आणि म्हणाले, "तेच."

चिखलदऱ्यात वाघाचे नाव रात्री घेत नाहीत म्हणतात, काका सकाळीही घेत नव्हते. खालच्या पाड्यातून कामाला येणारी बाई मात्र सरळ सांगायची, कुला. कोरकू भाषेत वाघ म्हणजे कुला. ही भाषा मराठीची किंवा हिंदीची कोणी लागत नाही. तिचे भाऊबंद तिकडे झारखंडात, मुंडारी आणि संथाळीच्या घरात. आमच्या धाकटीने तिच्याकडून दहा-बारा शब्द गोळा केले. अरबी, इंग्रजी, उर्दू, मराठी आणि आता कोरकू.

तर त्या सकाळी आम्ही सगळे लाल डोळ्यांनी चहा पीत होतो आणि अम्मी ताज्यातवान्या. म्हणाल्या, "इथली रात्र फार मुकी आहे गं. पाऊस गेल्यापासून कबरस्तानात झोपल्यासारखं वाटतं. कशाचा म्हणून आवाज नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

वाचकहो, त्या क्षणी जे वाटले ते लिहायला संकोच होतो. नऊ वर्षे आम्ही शारजाहून दर जुम्म्याला व्हिडिओ कॉल करत होतो. अम्मी म्हणायच्या, "मोठ्यानं बोल, आवाज येत नाही." आम्ही म्हणायचो, परतवाड्याचे नेटवर्क. त्या भलतेच उत्तर द्यायच्या. आम्ही म्हणायचो, वय झाले, लक्ष लागत नाही. इथे आल्यावर पावसाने आम्हाला आणखी तीन महिने फसवले, कारण घरात सगळेच ओरडत होते. नमाजच्या वेळी त्या घड्याळ बघायच्या, अजानची वाट बघायच्या नाहीत. आम्हाला कौतुक वाटायचे की किती वेळेच्या पक्क्या आहेत. बाजारातल्या मशिदीची अजान आमच्या ओसरीपर्यंत रोज येत होती. त्यांच्यापर्यंत ती येतच नव्हती आणि येत नाही हे त्या कोणाला सांगत नव्हत्या.

धाकटीने त्या दिवशी आपल्या पद्धतीने तपासणी केली. दादी भाजी निवडत असताना मागे जाऊन बारीक आवाजात म्हणाली, "दादी, चॉकलेट." उत्तर नाही. मग जाड आवाज काढून, "दादी!" तेव्हा त्यांनी मान वळवली.

अमरावतीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी अम्मींना काचेच्या खोलीत बसवले, कानावर यंत्र लावून एकेक सूर ऐकवला आणि कागदावर आलेख काढून दिला. रेघ डावीकडे ठीक होती, उजवीकडे जाता जाता घाटासारखी खाली उतरत गेलेली. डॉक्टरांनी समजावले ते असे. तरुण माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो. वय वाढले की वरचे, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण आवाज आधी जातात. रातकिड्यांची किरकिर, पाखरांची चिवचिव, लहान मुलांचे बोलणे, आणि बोलण्यातली स, श, फ, थ ही अक्षरे. खालचे जाड आवाज राहतात. म्हणून मेघगर्जना ऐकू येते आणि नातीची हाक येत नाही. म्हणूनच अशी माणसे "ऐकू येतं, पण कळत नाही" अशी तक्रार करतात आणि घरच्यांना वाटते की हवे तेवढेच ऐकतात.

मग डॉक्टरांनी विचारले, "कुठे गोंगाटात काम केलंय का?" काम नाही, पण परतवाड्यातले आमचे घर आरामशीनला लागून होते. मेळघाटच्या सागवानाचा परतवाडा. सकाळी आठला करवत सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. अम्मी तिथे नवरी म्हणून आल्या आणि 30 वर्षे त्या भिंतीपलीकडे स्वयंपाक केला. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षे कानावर पडला तर आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. वय आणि करवत, दोघांनी मिळून काम केले होते.

वाटेत घाटात अम्मी एवढेच म्हणाल्या, "त्या मशीनवर किती तरी घरं जगली." बाकी काही नाही.

कानातली यंत्रे आली. डॉक्टरांनी बजावले होते की सुरुवातीला त्रास होईल, मेंदूला सवय लागायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवशी अम्मींना कागदाचा आवाज सहन होईना, चमच्याचा होईना. रात्री जेवण झाल्यावर ओसरीत बसल्या आणि पाचच मिनिटांत वैतागून आत आल्या. "बिघडलंय हे. आत सारखं किर्र किर्र वाजतंय. एवढे पैसे घालून खराब माल दिला." आम्हीही फोन करून तक्रार करायच्या बेतात होतो. धाकटीने दादीचा हात धरला, बाहेर नेले, आणि दार बंद करून म्हणाली, "आता?" दार उघडून, "आता?" बंद, उघडे, बंद, उघडे. पाच-सहा वेळा तिने तसे केले.

अम्मी पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे हे रोज चालू होतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे गवळीकाकांचा कोंबडा आरवला. कोंबड्याची बांग ऐकली की अल्लाहकडे त्याची मेहेरबानी मागावी, कारण त्याने फरिश्ता पाहिलेला असतो, ही हदीस आम्ही लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकलेली. त्या दिवशी त्या एवढे मागत बसल्या की चहा निवला. मग मशिदीतून फजरची अजान आली. पदर डोक्यावर घेऊन त्या शब्दाशब्दाला जवाब देत होत्या. आम्ही स्वयंपाकघरातच थांबलो, बाहेर गेलो नाही.

त्यानंतरचा हिवाळा आमच्या आयुष्यातला फार सुंदर हिवाळा गेला. रात्री नऊला ओसरीत शेगडी पेटायची आणि आवाज ओळखण्याचा खेळ सुरू व्हायचा. शिक्षक गवळीकाका. सांबराचा आवाज एकदम मोठा, भोंग्यासारखा, 'पोंक' असा. चितळाचा बारीक, शिटीसारखा. चितळ उगाचही ओरडते, पण सांबर थांबून थांबून ओरडत राहिले तर त्याने नक्की काही पाहिलेले असते. कोल्ह्यांची कोल्हेकुई एकाने सुरू केली की उतारावरून दुसरा उत्तर देतो. अस्वल बोलत नाही, ते धापा टाकते. दिवसाचे पाखरू असूनही मुलाने यादीत घालायचा हट्ट धरलेले एक नाव म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर हा पक्षी कोणाला दिसलाच नव्हता, जगातून संपला असे धरून चालले होते. 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला, आणि नंतर आपल्या मेळघाटातही. 113 वर्षे कोणाला न सापडण्याचे एक गमतीदार कारण असे की घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा हिंडतो. मुलगा म्हणायचा, सगळ्यांनी त्याला रात्री शोधला असणार.

सगळ्या रात्री अशा नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. शनिवारी पर्यटक यायचे आणि एखाद्या हॉटेलच्या गच्चीवर साउंड बॉक्स लागायचे. रात्री 10 ते सकाळी 6 वस्तीत 45 डेसिबलच्या वर आवाज नको असा कायदा 2000 सालापासून आहे, पण शनिवारच्या रात्री दऱ्याखोऱ्यांत त्याचा पत्ता कुठे? अशा रात्री एकही रातवा बोलत नसे. अम्मी शांतपणे यंत्रे काढून डबीत ठेवायच्या आणि आमच्याकडे पाहून हसायच्या. तेवढाच त्यांचा फायदा.

जानेवारीतल्या एका रात्री मात्र खेळ संपला. अम्मी तहज्जुदला उठल्या होत्या. यंत्रे डबीत. त्यांनीच आम्हाला हलवून उठवले. "एवढ्या रात्री आरामशीन कोणी लावली?" आम्ही कान दिला. गोठ्यामागून करवतीने ओले लाकूड कापल्यासारखा आवाज. खर्र-खर्र, खर्र-खर्र, मग स्तब्ध, मग पुन्हा. रातकिडेसुद्धा गप्प झाले होते. आमच्या अंगावर काटा आला, कारण काकांनी हा आवाज तोंडाने काढून दाखवला होता. बिबट्या. जाड, खालचा आवाज. अम्मींच्या कानात शिल्लक राहिलेल्या भागातलाच, आणि ज्याने त्यांचे कान नेले त्याच्याचसारखा. दाराला आतून दोन कड्या होत्या तरी आम्ही त्याला पलंग लावला. मुलांना अम्मींनी आपल्या दोन्ही बाजूंना घेतले आणि आयतुल कुर्सी म्हणत राहिल्या. सकाळी काकांचा तपकिरी कुत्रा नव्हता. कुंपणाच्या तारेला थोडे केस होते. काकांनी ते काढून खिशात घातले आणि धार काढायला बसले. त्या दिवसापासून मुलांना अंधार पडल्यावर ओसरीत बसू दिले नाही. खेळ खिडकीतून चालू ठेवला, पण तशी मजा राहिली नाही.

एकदा दिवसा गाविलगडावरही गेलो. बहामनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळापासूनचा हा किल्ला, पुढे अचलपूरच्या इमादशाहीचा, शेवटी नागपूरकर भोसल्यांचा. 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, तेव्हा या दऱ्यांनी तोफा ऐकल्या. आता आतल्या मोठ्या पडक्या मशिदीत फक्त वारा घुमतो. अम्मींनी तिथे दोन रकात नफल पढल्या. वारा यंत्रात शिरून फार भणभणायचा, म्हणून काढून ठेवली.

रमजान 2 मार्चला सुरू झाला. महिना गरमीचा, पण चिखलदऱ्यात रात्री अजून पांघरूण लागत होते. मोहाची फुले पडायला लागली होती आणि उतारावरून तो गोड, आंबूस वास यायचा. काका म्हणाले, आता अस्वले येतील, सहरीला अंगणात निघू नका. त्याच दिवसांत होळी आली. कोरकूंचा हा सगळ्यात मोठा सण. अकोला, अमरावती आणि त्याही पलीकडे बांधकामावर गेलेली माणसे काहीही करून होळीला पाड्यावर परत येतात. पाच दिवस ढोल, बासरी, नाच आणि रस्त्यावर दोर धरून मागितलेला फगवा. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईचा मुलगा आठ महिन्यांनी घरी आला होता. तिने सुट्टी मागितली नाही, फक्त कळवली.

13 मार्चची, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी जुम्मा आणि धुळवड एकाच दिवशी. टीव्हीवर दिवसभर त्याचीच चर्चा, कुठे काय होईल, किती बंदोबस्त. चिखलदऱ्यात तरावीह पढून येताना पौर्णिमेचे चांदणे लख्ख पडले होते. पाड्याकडून होळीचा उजेड दिसत होता आणि वाटेत भेटलेल्या तिघा पोरांनी आमच्याकडून फगवा म्हणून वीस रुपये घेतले. आम्ही घरी येऊन झोपलो.

अम्मींनी उठवले. स्वयंपाकघरात दिवा लागलेला, तव्यावर पोळी, दूध तापत ठेवलेले. "उठा, उठा, उशीर झाला. सहरीवाला ढोल वाजवून कधीचा गेला, तुम्ही मेल्यासारखे झोपलात." अचलपूरला त्यांच्या लहानपणी एक म्हातारा गळ्यात ढोल अडकवून गल्लीगल्लीतून सहरीला उठवत जायचा. दिव्याच्या उजेडात घड्याळ पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे. सहरी संपायला तीन तास होते.

ढोल पाड्यावर वाजत होता. दूरून, एकसारखा, खोल.

मुलगा म्हणाला, "दादी, सहरीवाला नाही. होळी आहे." अम्मींना ते ऐकू गेले नाही, यंत्रे डबीतच होती. त्यांनी पोळी उलटली. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांना काहीतरी चुकले आहे हे कळले, घड्याळाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धाकटी डबी आणायला धावली. अम्मींनी तिला हाताने थांबवले. "राहू दे. हा येतोय मला."

खिडकीशी खुर्ची ओढून त्या बसल्या. बोटे खिडकीच्या गजावर ठेवून हलकेच ताल धरत होत्या. तव्यावरची पोळी आम्ही काढली, दूध उतरवले आणि गॅस बारीक करून चहाचे आधण ठेवले.